पाच पायांचा सासरा

आमचं तल्ल हम्रा गाव एका टेकाडावर बसलंय, आणि ते टेकाड देवानं केलेलं नाही हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. खुरानं माती उकरली की खाली वीट लागायची. चुना हवा असला की आम्ही पूर्वेच्या उतारावर जायचो, दाढीवाले राजे कोरलेली एखादी फरशी उपटायचो आणि भट्टीत टाकायचो. राजे छान जळायचे. मुतलकच्या घराला बाहेरून जो पांढराशुभ्र चुना होता, त्यात निदान एक अख्खी फौज होती, घोड्यांसकट.

'आमचं' गाव म्हणतो, पण मी मूळचा इथला नाही. मी यल्दा, वरच्या तियारी डोंगरातला ख्रिस्ती. डोंगरी माणूस कुदळ बरी चालवतो म्हणून फिरंग्यानं मला खाली आणलं, मजुरांवर मुकादम नेमलं, आणि पुढे मी इथलाच झालो. ते राहू दे. ही गोष्ट फिद्दाची आणि तिच्या सासूची आहे.

फिरंग्याचं नाव पेम्बरटन. इथल्या लोकांच्या तोंडी 'प' बसत नाही, त्यामुळे तो आल्या दिवशी बंबरतून झाला आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत नुसता बंबर बेग, म्हणजे बंबर साहेब. अंगानं वाळक्या काठीसारखा, नाकाची साल उन्हानं सतत सोललेली, आणि स्वभाव असा की विंचू चावला तरी आधी विंचवाची चौकशी करेल. त्याच्याकडे स्तंबूलच्या सुलतानाचं फर्मान होतं. टेकाडावर कुठेही खणा, पण लोकांच्या घरांना हात लावू नका.

मग काय, जिथे घरं नव्हती तिथे आम्ही अख्खा हिवाळा खणलं. विटा निघाल्या. विटांच्या खाली विटा निघाल्या. एकदा एक मोठा रांजण सापडला तेव्हा बेग लहान पोरासारखा नाचला. आत वीट होती.

"यल्दा," तो मला म्हणाला, "राजे मूर्ख नव्हते. राजवाडा बांधायचा तर सगळ्यात उंच जागी बांधतील."

"तिथे आता मुतलक राहतो, बेग."

"मग मुतलकशी बोलू."

"मुतलकशी बोलून उपयोग नाही," मी म्हणालो. "तिथे फिद्दा राहते."

मुतलक मेंढ्या राखायचा आणि मेंढ्यांइतकंच बोलायचा. बोलण्याचं खातं त्याच्या बायकोकडे, फिद्दाकडे होतं. ती अंगणातून हाक मारायची तेव्हा दिज्ला नदीतले कोळी जाळी सोडून वर बघायचे. घरात तिसरं माणूस म्हणजे मुतलकची आई, वद्हा. ही म्हातारी जवळजवळ मुकीच. तिचा नवरा नायिफ हा मोठ्या दाढीचा, मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस. आणखी दोन गावांत त्याच्या दोन बायका होत्या. इथे यायचा तो जेवायला आणि ओरडायला. त्याच्यासमोर गप्प राहायची वद्हाला इतकी सवय लागली की तो मेल्यावरही ती सुटली नाही. "भाकर." "पाणी." "दार लाव." एवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

आम्ही गेलो तेव्हा फिद्दा तंदूरच्या आतल्या भिंतीवर भाकऱ्या थापत होती. बेगनं हॅट काढून नमस्कार केला. तिनं मान वर केली नाही.

"बेगना तुझ्या घराखाली खणायचंय," मी म्हणालो.

"मलाही पाशाच्या मांडीवर बसायचंय. जा आता."

"घराला धक्का लागणार नाही. उलट खणून झालं की त्या जागी तुला तळघर बांधून देतील. फुकटात."

तिचा हात तंदूरच्या तोंडाशीच थांबला. माझा नेम बसला होता. फिद्दाची बहीण मोसूल शहरात दिलेली. मोसूलच्या घरांना तळघरं असतात, उन्हाळ्यातल्या दुपारी सगळं शहर जमिनीखाली जाऊन झोपतं. आणि ती बहीण दर ईदला येऊन सांगायची, "अगं, आमच्याकडे दुपारी गोधडी लागते." इकडे आमच्या गावात त्याच दुपारी कोंबड्या चोच उघडी टाकून भिंतीला टेकून उभ्या असायच्या.

"पायऱ्यांसकट?" फिद्दानं विचारलं.

"पायऱ्यांसकट."

"मातीच्या नाही. दगडी. आणि वरून वारा ओढून घेणारा झरोका. आणि भिंतीत कोनाडे. आणि माझ्या बहिणीच्यापेक्षा हातभर लांब."

"काय म्हणतेय ती?" बेगनं विचारलं.

"हो म्हणतेय."

"इतका वेळ?"

"इकडे बायका 'हो' जरा सविस्तर म्हणतात, बेग."

शेवटी तिनं हात झटकले आणि म्हणाली, "त्याला नीट सांग. खणताना जे बाहेर निघेल ते त्याचं. जे आत राहील ते माझं. नंतर कटकट नको."

बेगला हे फारच रास्त वाटलं. त्यानं सौदा पक्का करायला हात पुढे केला. फिद्दानं त्या हाताकडे पाहिलं आणि त्यावर गरम भाकरी ठेवली.

आम्ही घराच्या मधल्या खोलीतून खाली उतरलो. सुरुवातीला राख, हाडं, फुटकी मडकी. बेगचं तोंड पुन्हा लांब होऊ लागलं. मग एका सकाळी आमच्या मजुरांतल्या एकाची कुदळ टणकन वाजली आणि तो कुदळ तिथेच टाकून, फिद्दाच्या पिठाच्या परातीतून धावत बाहेर पळाला. त्याच्यामागे बाकीचे. मी आत वाकून पाहिलं. मातीतून एक तोंड वर आलं होतं. बैलगाडीच्या चाकाएवढं. डोक्यावर उंच मुकुट, कुरळी दाढी, गुबगुबीत गाल, आणि ओठांवर असं हसू, की जणू सगळं जग याचं देणं लागतं आणि हा उदारपणे थांबलाय.

गलका ऐकून मुतलक धावत आला, खड्ड्यात डोकावला आणि मटकन खाली बसला.

"बाबा!" तो म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी पुन्हा पाहिलं. खोटं कशाला बोलू? थेट नायिफ होता. तीच दाढी, तेच गाल, आणि आपण नुकतीच एखादी मेंढी हरवून आलोय असं समजून आपल्याकडे बघणारे तेच डोळे. गावातले म्हातारे एकेक करून आले, पाहून गेले. प्रत्येकाच्या तोंडून आधी "अल्ला" निघालं आणि मग "नायिफ".

फिद्दा कमरेवर हात ठेवून काठावर उभी होती. "ह्यांना पुरलं होतं त्या तिकडच्या कब्रस्तानात," ती म्हणाली. "इकडे कसे आले? जिवंतपणी तर कधी घरात टिकले नाहीत." मग तिनं मागे वळून हाक मारली, "आत्याबाई! जरा खाली या. कोण आलंय बघा."

वद्हा आली. मी तिचा हात धरून तिला उतरवलं. ती त्या तोंडासमोर उभी राहिली. मुकुट धरला तर त्या तोंडाएवढीसुद्धा तिची उंची नव्हती.

"आलास?" वद्हा म्हणाली. "परवा येतो म्हणून गेला होतास."

आणि मग जी सुरू झाली ती झालीच. ती कर्कश नव्हती, ओरडतही नव्हती. एका लयीत, जात्यावर दळण पडावं तसं बोलत होती. लग्नात तिच्या आईनं दिलेला पितळी हंडा त्यानं कुणाला दिला, गाभण शेळी कोणत्या बायकोकडे नेऊन बांधली, तिच्या भावाला भर पंगतीत काय म्हणाला. काही म्हणजे काही विसरलेली नव्हती. मुतलक तोंडावर कपडा घेऊन बसला होता. फिद्दाचं तोंड उघडं होतं आणि त्यातून शब्द येत नव्हता. हे गावानं प्रथमच पाहिलं.

बेग माझ्या कानाशी वाकला. "ती काय म्हणतेय? जुनी प्रार्थना आहे का? पिढ्यान् पिढ्या चालत आलेली?"

"साधारण तसंच, बेग."

त्यानं अदबीनं हॅट काढली आणि प्रार्थना संपेपर्यंत डोकं खाली घालून उभा राहिला. बिचारा चांगलाच दमला.

पुढे खणत गेलो तसा बाकीचा नायिफ वर आला. मानेखाली बैल, बैलाला गरुडाचे पंख. बेगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो म्हणाला, असूर देशीच्या जुन्या राजांच्या दारात असे राखणदार असत, वाईट गोष्टींना आत येऊ न देणारे. फिद्दा म्हणाली, मग या घराच्या बाबतीत उशीरच झाला. पाय मोकळे झाले तेव्हा मजुरांत भांडण लागलं, कारण समोरून दोन दिसत, बाजूनं चार, आणि सगळे धरून मोजले की पाच भरत. बेगनं समजावलं की कारागिरानं मुद्दाम तसं कोरलंय, कुठूनही पाहिलं तरी बैल पुरा दिसावा म्हणून. वद्हाला ते पटलं नाही.

"पाच पाय," ती म्हणाली. "तरीच."

बैल पुरता उघडा पडल्यावर बेग मोसूलला गेला. जाड दोर, सुतार, गाडा, असं बरंच काही आणायचं होतं. मला म्हणाला, "मी येईपर्यंत तळघराचं काम चालू दे. बाई खूश राहिली पाहिजे."

बाईला खूश ठेवणं सोपं होतं. ती रोज सकाळी येऊन काय करायचं ते सांगायची आणि आम्ही ते करायचो. दगडी पायऱ्या झाल्या, कोनाडे झाले, झरोका झाला. राहिलं छप्पर, म्हणजेच वरच्या खोलीची जमीन. आडव्या तुळया घालायच्या होत्या आणि मधे आधार हवा होता.

"खांब कशाला?" फिद्दा म्हणाली. "ह्यांचं डोकं सपाट आहे. मुकुट आहे तो. त्यावर टाक तुळई."

"फिद्दा, बेगना हा बैल न्यायचाय."

"मग? मी कुठे अडवलंय? जेवून घे आधी. कोकराचं मांस घालून दलिया केलाय."

मी डोंगरातला माणूस. डोंगरात आम्ही बार्लीची भाकरी खातो आणि त्यावरही खूश असतो. जेवलो आणि तुळई टाकली. वर फळ्या, चटया, माती, चोपून चुन्याचा गिलावा. काम अव्वल झालं होतं, आजही हललेलं नाही.

बेग परत आला, पायऱ्या उतरून खाली गेला आणि वर पाहिलं. मग तो हळूच शेवटच्या पायरीवर बसला.

"यल्दा, आता हा बाहेर कसा काढायचा?"

मी तो प्रश्न फिद्दाला विचारला.

"पायऱ्या आहेत की," ती म्हणाली. "दगडी आहेत, चांगल्या मजबूत. त्यालाच म्हणावं, ये चालत. पाच पाय आहेत."

तोवर मोसूलच्या बाजारात बातमी पोचली होती, आणि बाजारातून निघेपर्यंत तिचं वजन वाढलं होतं. तल्ल हम्राला जमिनीतून राक्षस निघालाय, त्याचे डोळे माणकांचे आहेत, पोटात सोनं भरलंय. मोसूलच्या सुभेदारानं, पाशानं, लगेच आपला अंमलदार सफ्वत आगा पाठवला, स्वारांसकट. सोबत काजीही होता, कारण मूर्ती निघाली असेल तर ती फोडायची की नाही हे काजीनं सांगायचं आणि फोडल्यावर आतलं सोनं आगानं घ्यायचं, अशी कामाची वाटणी होती.

ते आले ते ऐन उन्हाळ्यातल्या टळटळीत दुपारी. आगा तरणाबांड, मिशांना तेल लावलेला. काजी जाडजूड, वयस्क, खेचरावर बसून आलेला. त्याचा चेहरा पिकलेल्या डाळिंबासारखा झाला होता.

"कुठे आहे ती मूर्ती?" आगा घोड्यावरूनच गरजला.

"मूर्ती नाही, सासरा आहे," फिद्दा म्हणाली.

"काय?"

"माझा सासरा. गावात कुणालाही विचारा. आत्याबाई, सांगा यांना."

"माझाच नवरा," वद्हा म्हणाली. "ओळखणार नाही होय? याच्यासारखा निर्लज्ज दुसरा कुठे आहे?"

"बाई, थट्टा करू नकोस! जे जमिनीखाली सापडतं ते सुलतानाचं. काजी निकाल देईपर्यंत कुणीही खाली पाय ठेवायचा नाही!" आणि तो उन्हात, दाराशी, तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला. बाकीच्यांनाही सावलीत जाऊ दिलं नाही.

फिद्दानं काजीकडे पाहिलं. एकदम तिचा आवाज मऊ झाला. मला तो आवाज नवीनच होता. "मौलाना, निकाल द्यायचा तर डोळ्यांनी बघायला नको का? या, सावकाश या. पायऱ्या दगडी आहेत. हात धरा."

काजी खाली उतरला. खाली गार होतं. वरच्या झरोक्यातून नदीवरचा वारा येत होता. गुळगुळीत दगडाला हात लावला तर रांजणाला लावल्यासारखा थंड. फिद्दानं चटई घातली. आधी पाणी आलं, मग ताक, मग चिरलेलं खरबूज. काजीनं बैलाकडे पाहिलं, "हं" म्हणाला आणि पाठ टेकायला काही हवं म्हणून त्याच्या पुढच्या पायाला टेकला. ताकाचा दुसरा वाडगा संपायच्या आत तो घोरायला लागला.

वर आगा उन्हात उभाच. घाम मिशांवरून ओघळत होता. थोड्या वेळानं त्याचा एक स्वार "काजींना काही हवं का बघून येतो" म्हणून खाली गेला, तो आला नाही. त्याला बघायला दुसरा गेला. मग तिसरा. आगानं हुकूम दिला होता, तो मोडता येईना. मी त्याला पाणी नेऊन दिलं, तेव्हा त्यानं मला विचारलं, "खाली खरंच गार आहे का रे?"

"इतकं काही नाही," मी म्हणालो. वाईट वाटलं बिचाऱ्याचं.

ऊन कलल्यावर काजी जागा झाला. त्याचा फेटा बैलाच्या खुरावर पडला होता. तो त्यानं उचलला, झटकला, डोक्यावर ठेवला आणि वर आला. चेहऱ्यावर झोपेच्या वळ्या आणि मोठी शांती.

"मग?" आगा म्हणाला. "मूर्ती आहे ना? फोडू?"

"मूर्ती?" काजीच्या भुवया वर गेल्या. "मी, मोसूलचा काजी, दुपारभर मूर्तीच्या पायाला टेकून झोपलो, असं म्हणायचंय तुला? हे पाशाला तू सांगणार आहेस?"

आगा गडबडला. "नाही, तसं नाही... मग काय आहे ते?"

"खांब," काजी म्हणाला. "त्याच्या डोक्यावर तुळई आहे, तुळईवर घर आहे, घरात एक विधवा आहे. असा खांब काढणं मोठं पाप."

"खांबाला दाढी आहे, हुजूर!"

काजीनं आपल्या दाढीवरून हात फिरवला. "दाढी असणं हा कधीपासून गुन्हा झाला?"

मग बेग पुढे सरसावला. माझ्यामार्फत त्यानं सौद्याचं सगळं सांगितलं. काजीनं फिद्दाला विचारलं, सौदा काय होता? ती म्हणाली, बाहेर निघेल ते त्याचं, आत राहील ते माझं. काजीनं बेगला विचारलं, हे खरं का? बेग प्रामाणिक माणूस, म्हणाला खरं आहे. "मग ते आत आहे," काजी म्हणाला आणि खेचराकडे चालू लागला. जाता जाता थांबून त्यानं फिद्दाला सांगितलं की खांबाची नीट पाहणी व्हायला हवी, तो पुढच्या गुरुवारी पुन्हा येईल. तो उन्हाळाभर येत राहिला. खरबूज स्वतःच आणायचा.

त्या संध्याकाळी बेग अंजिराच्या झाडाखाली बसून रडला. मोठा माणूस, पण हुंदके देऊन रडला. मी त्याच्याजवळ बसलो. वद्हा काठी टेकत आली.

"याला काय झालं?"

"त्याला तो बैल देशी न्यायचा होता, आजी. म्हणतो, आमच्या लोकांनी असं काही कधी पाहिलेलंच नाही."

"मग सुखी आहेत म्हणावं," वद्हा म्हणाली. ती त्याच्या शेजारी टेकली आणि त्याचं सोललेलं नाक लक्ष देऊन पाहिलं. "हा गेला तर मी बोलू कुणाशी? आत्ता कुठे लग्नाचं पहिलं वर्ष संपलंय. पुढे अजून सगळं आहे. पण त्याचा जोडीदार असेल की. तो ने."

मी ते बेगला सांगितलं. त्यानं डोळे पुसले आणि उठूनच उभा राहिला. असे राखणदार कधी एकटे नसतात, हे तो रडण्याच्या नादात साफ विसरला होता. दाराच्या दोन बाजूंना दोन! पहिल्या बैलापासून पावलं मोजत तो अंगणातून निघाला आणि मुतलकच्या गाढवांच्या गोठ्यात जाऊन थांबला.

"नवा गोठा लागेल," फिद्दा लगेच म्हणाली. "दगडी."

दुसरा बैल गोठ्याखालीच होता. तसाच पंखवाला, तसाच पाच पायांचा, फक्त नाक तुटलेलं. वद्हानं पाहून मान डोलावली. "हा त्याचा भाऊ. उंटावरून झालेल्या मारामारीत नाक गेलं होतं याचं. खुशाल ने."

न्यायचं काम हिवाळाभर चाललं. उतार कापला, खाली ओंडके घातले, दोर बांधले, आणि अख्खं गाव दोराला लागलं. बैल हलेना. बेग फिरंगी भाषेत ओरडत होता, मी माझ्या डोंगरी सुर्यानीत, गावकरी अरबीत, आणि प्रत्येक जण आपापल्या वेळेला ओढत होता. शेवटी फिद्दा एका ढिगाऱ्यावर चढली.

"ए मुडद्यांनो!" ती ओरडली. "जेवताना तर सगळ्यांचे हात एकदम ताटात जातात! मी म्हणेन तेव्हा ओढा!"

ती म्हणाली तेव्हा सगळ्यांनी ओढलं. बैल हलला. बायकांनी जिभा हलवून असा जल्लोष केला की पलीकडच्या तीरावरचे लोक लग्न समजून नावेतून आले, आणि आल्यावर त्यांनाही दोर दिला.

वसंतात डोंगरातलं बर्फ वितळून नदी भरली. बकऱ्यांच्या फुगवलेल्या कातड्यांवर ओंडके बांधून मोठा तराफा केला होता, त्यावर बैलाला आडवं निजवलं. तराफा इतका दबला की पाणी ओंडक्यांवरून वाहायला लागलं आणि बेग डोळे मिटून पुटपुटत राहिला. पण तरला. वद्हा काठावर आली होती. "जा बाबा," ती बैलाला म्हणाली. "तिकडे कुणाशी भांडू नकोस." बेगनं वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. तिनं हात मागे घेऊन झग्याला पुसला, पण मग त्याच हातानं त्याच्या डोक्यावर थोपटलं. तराफा वळणाआड गेला तेव्हा गावातले लोक म्हणाले, बरं झालं. रात्री मात्र जो तो काही ना काही काम काढून नदीकडे एक चक्कर मारून आला.

मी राहिलो. फिद्दाच्या तळघराची डागडुजी, नवा गोठा, शिवाय तिच्या नात्यातली... ते राहू दे म्हणालो ना.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी झरोक्याच्या तोंडाशी गिलावा लावत होतो. खालून वद्हाचा आवाज वर येत होता. रोजचंच, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. मग लक्ष गेलं. ती एका मुलीबद्दल बोलत होती. मुतलकच्या आधी झालेली, थंडीत तापानं गेलेली. नायिफ तेव्हा दुसऱ्या गावी होता. परत आला तेव्हा त्यानं विचारलं, जेवायला काय आहे?

"तू तिचं नावसुद्धा विचारलं नाहीस," वद्हा खाली म्हणत होती. "तिचं नाव मी रीमा ठेवलं होतं. रीमा. आता ऐकलंस?"

माझ्या हातातला गिलावा वाळून गेला. मी तिथून हललो नाही, कारण हललो असतो तर तिला कळलं असतं.

त्यानंतर तिच्या बोलण्यात तक्रार कमी होत गेली. आता ती त्याला गावच्या बातम्या सांगायची. कुणाची मेंढी जुळी व्याली, नदीला किती पाणी आहे, फिद्दाच्या बहिणीला तळघर दाखवल्यावर तिचं तोंड कसं झालं. मग तेही कमी झालं. नुसती बसून सूत कातायची.

द्राक्षं पिकायच्या सुमाराला एक दिवस ती वर आली आणि मला म्हणाली, "यल्दा, त्या बंबरला निरोप धाड. याला नेलं तरी चालेल आता. माझं बोलून झालं."

"आजी, तो समुद्रापार गेला. आता कोण येणार?"

तिनं थोडा विचार केला. "मग असू दे. काही मागत नाही बिचारा."

फिद्दा दारातून ऐकत होती. तिच्या हातात कांद्यांच्या माळा होत्या. गार जागी टांगल्या की वर्षभर टिकतात. पण गेल्या वर्षीचे सगळे कांदे सासूच्या मनाचा विचार करून तिनं वरच कुजू दिले होते. फिद्दासारख्या बाईनं, हे ध्यानात घ्या.

"आत्याबाई," तिनं जरा घुटमळत विचारलं, "मग यांच्या कानाला कांदे टांगू का?"

"टांग की," वद्हा म्हणाली. "आणि त्या बाजूच्या कानाला लसूण टांग. उगाच मोकळा कशाला ठेवायचा?"